उसनी श्रद्धांजली

बाई गेल्याची बातमी मला व्हॉट्सअॅपवर मिळाली, तीही चुकीच्या फोटोखाली. आमच्या सेवानिवृत्त शिक्षकांच्या ग्रुपवर रोज सकाळी उगवता सूर्य, गुलाबाची फुलं आणि सुविचार यांचा रतीब असतो. त्यातच कुणीतरी काळ्या चौकटीत एका म्हाताऱ्या बाईंचा फोटो टाकला होता. खाली आमच्या बाईंचं नाव आणि भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो दुसऱ्याच लेखिकेचा होता, आणि त्या लेखिका माझ्या माहितीप्रमाणे अजून ठणठणीत आहेत. तोवर पंचवीस-तीस जणांचे हात जोडून झाले होते. मी लिहिलं, 'फोटो चुकला आहे.' त्याखालीही दोघांनी हात जोडले.

फोटो चुकलाय तर बातमीही चुकली असेल, अशी वेडी आशा वाटली. पेपर उघडला. आतल्या पानावर, प्लॉटच्या जाहिरातीशेजारी, चार बोटांची बातमी होती. वय झालं होतं, थोडे दिवस आजारी होत्या. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की त्यांच्या इच्छेनुसार देहदान झालं आहे, कोणतेही विधी किंवा शोकसभा होणार नाही.

मी उठलो आणि डोक्यावरून पाणी घेतलं. जवळचं माणूस गेल्याचं कळलं की आमच्याकडे आधी अंघोळ करतात. माझी सकाळची अंघोळ झालेली होती, म्हणून बायको न्हाणीच्या दारात येऊन उभी राहिली.

"कोन गेलं?"

"बाई गेल्या."

"अगं आई! आनि माती कवा हाय?" ती लगेच आत वळली, बाहेरचं लुगडं काढायला. तिला वाटलं, माझ्या शाळेच्या रिटायर झालेल्या मुख्याध्यापिका बाई गेल्या. चूक तिची नव्हती. शिक्षकाच्या घरात बाई म्हणजे शाळेतली बाई. या लेखिकेला मात्र मी पहिल्या पुस्तकापासून मनातल्या मनात बाईच म्हणत आलो होतो. त्यांनी मला वर्गात कधी शिकवलं नव्हतं, पण दुसरा शब्द कधी सुचला नाही.

"शाळेतल्या न्हाई गं," मी म्हणालो. "पुस्तकं लिहायच्या त्या."

"पुस्तकवाल्या व्हय!" तिच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. "मला वाटलं, आपल्यातलं कोन गेलं."

मी तिच्यावर खेकसलो. काय बोललो ते आठवत नाही, पण चांगलं नव्हतं. तिने चहा टाकला आणि दिवसभर माझ्या वाटेला गेली नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळांत बत्तीस वर्षं शिकवलं, पण पौडपासून लवळ्यापर्यंत लोक मला ओळखतात ते दहाव्याला बोलणारे गुरुजी म्हणून. आमच्या भागात दहाव्याला नदीच्या घाटावर नुसते विधी उरकत नाहीत. मांडव पडतो, खुर्च्या लागतात, महाराजांचं प्रवचन होतं आणि मग माइक श्रद्धांजलीसाठी मोकळा होतो. सूत्रसंचालक आलेल्या मंडळींची नावं वाचतो. आजी सरपंच, माजी सरपंच, भावी सरपंच, एकेक जण येतो, मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व हरपल्याचं आणि कधीही न भरून येणारी पोकळी निर्माण झाल्याचं सांगतो, आणि घड्याळ बघत पुढच्या गावच्या दहाव्याला निघतो. गेलेला माणूस मनमिळाऊ होता की जन्मभर बांधावरून भावाशी कोर्टात भांडत होता, याच्याशी त्या पोकळीचं काही देणंघेणं नसतं. सगळ्यांच्या शेवटी मला बोलावतात. मी बोललो की बायका रडतात, आणि कधीकधी पुरुषही.

हे बोलणं मी बाईंच्या पुस्तकांतून शिकलो. शिकलो म्हणणं हीसुद्धा लबाडीच आहे. मी ते चोरलं.

माझी पहिली नेमणूक धरणाच्या पलीकडच्या एका वस्तीवर होती. दोन खोल्यांची शाळा, त्यातल्या एकीत मी राहायचो. शाळेला आलेल्या पुस्तकांच्या पेटीत बाईंचं पहिलं पुस्तक होतं. चौथीच्या मुलांसाठी ते कुणी निवडलं, देव जाणे. त्यात एका छोट्या गावातली घरं होती. शिवणकाम करणारी विधवा, रिटायर्ड कंपाउंडर, लग्न न झालेल्या दोघी बहिणी. घडत काहीच नव्हतं. पण माणूस खोलीतून उठून गेल्यावर खोलीत काय उरतं, ते बाई असं लिहायच्या की मी पुस्तक मिटून भिंतीकडे बघत बसायचो. मी विशीतला होतो, एकटा होतो, आणि आपल्याला कुणीतरी ओळखतं असं तेव्हा पहिल्यांदा वाटलं.

पुढे त्या वस्तीवरची एक म्हातारी गेली. गुरुजी शिकलेले, म्हणून दहाव्याला मला पुढे उभं केलं. म्हातारीबद्दल मला एवढंच माहीत होतं की ती मला ताक द्यायची. आणि तोंडातून बाईंचं वाक्य बाहेर पडलं. ते मी इथे लिहिणार नाही. आता त्यांचं एकही वाक्य मी माझ्या हाताने लिहिणार नाही, ज्याला हवं असेल त्याने पुस्तक घेऊन वाचावं. एवढंच सांगतो, की त्यात चुलीजवळच्या एका पाटाची गोष्ट होती. म्हातारीचा थोरला मुलगा आईला बघत नाही म्हणून गावात बदनाम होता. तो होता तिथे खाली बसला आणि हमसून हमसून रडला.

मग मला चटक लागली. मी एक जाड वही घातली. आई, बाप, तरुण मुलगा, लेकुरवाळी सून, मागे कुणी नसलेला माणूस, असे तिचे कप्पे पाडले. बाईंचं नवीन पुस्तक आलं की पुण्याला जाऊन आणायचं, एकदा जीव लावून वाचायचं आणि दुसऱ्यांदा हातात पेन घेऊन. बाईंची गॅलरी असेल तिथे मी ओटा करायचो, बाईंचा जिना असेल तिथे उंबरा. त्यांचं नाव मात्र एकदाही घेतलं नाही. आधी भीतीने, मग सवयीने. लोक म्हणायचे, गुरुजींच्या जिभंवर सरस्वती हाय. मी मान खाली घालायचो. लाज म्हणून घातली असती तर बरं झालं असतं. मी ती नम्रता म्हणून घालायचो.

बाईंना मी एकदाच भेटलो. लवळ्याच्या डोंगरावर विद्यापीठाचं मोठं कॉलेज आहे, तिथे त्या मुलांशी बोलायला आल्या होत्या. मी अर्धी रजा टाकून रिक्षाने वर गेलो. कार्यक्रम झाल्यावर सहीच्या रांगेत उभा राहिलो. माझ्या पुढे-मागे इंग्रजीत बोलणारी मुलं आणि मधेच मी, पायात धुळीच्या चपला. मनाशी पक्कं केलं होतं, आज सांगून टाकायचं. बाईंनी मान वर केली. दिसायला अगदीच साध्या होत्या, भाजी घ्यायला निघाल्यासारख्या.

"तुम्हीही लिहिता का?" त्यांनी विचारलं.

"नाही. बोलतो."

"कुठे?"

"कार्यक्रमांत," मी म्हणालो. दहाव्यांत म्हणायला जीभ वळली नाही.

"मग माझ्यापेक्षा बरे," त्या हसल्या. "मला चार माणसांत धड बोलता येत नाही." सही करून पुस्तक माझ्या हातात दिलं आणि मागच्या मुलीकडे बघितलं. झालं. डोंगर उतरताना मी स्वतःला शिव्या घातल्या. पुढच्या वेळी सांगू म्हणालो, आणि पुढची वेळ काही आली नाही.

आता त्या गेल्या होत्या, आणि मुळशीतल्या शेकडो माणसांना ज्याने मांडवात उभं राहून निरोप दिला त्या मला स्वतःच्या माणसासाठी जायला जागा नव्हती. माती नाही, राख नाही, दहावा नाही. त्यांच्या पुण्यातल्या घरी जावं असंही मनात आलं. पण दार उघडणाऱ्याला काय सांगणार? मी तुमच्या घरातला चोर, भेटायला आलोय? मग वही काढली. तिच्यात बाईंसाठी काही सापडेल म्हणून कप्प्यामागून कप्पा चाळला. सगळी वाक्यं त्यांचीच. त्यांचंच त्यांना कसं वाहणार? एक तरी वाक्य स्वतःचं लिहावं म्हणून कोऱ्या पानावर पेन टेकवलं. तासाभराने पानावर 'मनमिळाऊ व्यक्तिमत्त्व' एवढंच होतं. मी पान फाडलं.

बाई जाऊन आठ दिवस झाले आणि भरे गावातल्या गिरणीवाल्या बाबांचा दहावा आला. बाबांची पिठाची गिरणी होती, आणि शेवटी गिरणीच्या मागे मुलाने कामगारांसाठी खोल्या बांधल्या तरी बाबा रोज सकाळी पट्टा चढवून बसायचे. चांगला माणूस. वहीतल्या बापाच्या कप्प्यातलं एक पान मी तयार करून नेलं होतं. मांडव भरलेला होता. पुढे बायका, मागे पुरुष, आणि त्यांच्याही मागे उभ्याने फोनवर बोलणारे. माझं नाव पुकारलं गेलं. मी माइक हातात घेतला, बाबांच्या हार घातलेल्या फोटोकडे बघितलं आणि त्या पानावरचं वाक्य मला म्हणवेना.

मी म्हणालो, "मंडळी, आजवर मी या घाटावर जे बोललो, ते माझं नव्हतं. ते सगळं माझ्या बाईंचं होतं. माझ्या बाई आठ दिवसांपूर्वी गेल्या. त्यांचा दहावा नाही, काही नाही. तुमच्या आईसाठी, बापासाठी मी जे बोललो आणि तुम्ही रडलात, ते त्यांनी लिहून ठेवलेलं होतं. मी त्यांचं नाव कधी सांगितलं नाही." मग मी त्यांचं नाव सांगितलं. पुस्तकं कशी मिळाली ते सांगितलं, लवळ्याची भेट सांगितली. किती वेळ बोललो कळलं नाही. आवाज फाटला तेव्हा थांबलो.

मांडवात चुळबुळ झाली. "कोन गेलं म्हनतोय?" कुणीतरी विचारलं. कुणीतरी उत्तर दिलं, "त्यांची बाई." आता आमच्याकडे थोरल्या बहिणीलाही बाई म्हणतात. सूत्रसंचालक तयारीचा गडी. त्याने हलकेच माझ्या हातून माइक घेतला आणि आवाज खाली आणून म्हणाला, की आत्ताच समजलेल्या अतिशय दुःखद बातमीनुसार आदरणीय गुरुजींच्या ज्येष्ठ भगिनी देवाघरी गेल्या असून, बाबांसोबत त्या माउलीलाही आपण दोन मिनिटं उभं राहून श्रद्धांजली वाहू या.

सगळा मांडव उभा राहिला. फोन खिशात गेले. चारशे माणसं माना खाली घालून उभी होती आणि नदीवरून फक्त मोटारपंपाचा आवाज येत होता. बहीण नव्हे, लेखिका, एवढं मला पुढे होऊन सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. शहरात ज्यांच्यासाठी कुणी उभं राहिलं नव्हतं, त्यांच्यासाठी माझा मुलूख उभा होता, चुकून का होईना. त्या दोन मिनिटांत मला बरं वाटलं. तेवढ्यापुरतंच.

जेवणाच्या पंगतीपाशी बाबांचा मुलगा माझ्याजवळ आला. डोकं भादरलेलं, डोळे सुजलेले. आधी हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तुमच्याबी घरात असं झालं, वाईट वाटलं." मग हात तसेच ठेवून म्हणाला, "पर राग मानू नका. आज माझ्या बापाचा दिस व्हता. तुमी त्याच्यावर एक शबूद बोलला न्हाई. समदी म्हनत व्हती, गुरुजी बोलतील, गुरुजी बोलतील. माझी आई तुमच्या तोंडाकडं बघत बसली व्हती."

त्याचं खरं होतं. माझं दुःख घेऊन मी दुसऱ्याच्या दारात गेलो होतो आणि त्याच्या बापाला खुर्चीवरून उठवून माझं माणूस बसवलं होतं. मी न जेवता घरी आलो. पुढचे दोन दिवस गावातली माणसं बहिणीचं भेटायला येऊन गेली. बायको त्यांना चहा देत राहिली आणि एका शब्दाने खरं-खोटं बोलली नाही. तो मला तिचा मोठेपणा वाटला.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या आधी एक बाई टमटममधून उतरून आमच्या अंगणात आली. साठीची असेल. तिला मी ओळखत होतो. तिचा नवरा हिंजवडीला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन होता, पाच वर्षांपूर्वी गेला, आणि त्याच्या दहाव्यालाही मीच बोललो होतो. ती ओट्यावर टेकली. पाणी दिलं, ते तिने बाजूला ठेवलं.

"गुरुजी, ती तुमची भैन न्हवती," ती म्हणाली. "पुस्तकं लिवनारी बाई व्हती. बाकीच्यांना कळलं न्हाई. म्या गिरनीवाल्यांच्या दहाव्याला म्होरंच बसली व्हती, मला कळलं."

"खरंय, वैनी."

"तुमी म्हनला, हितं आजपातुर जे बोललो ते समदं तिचं हाय."

"हो."

"मंग आमच्या मालकांचं बोलला ते?"

मला लगेच आठवलं. बापाच्या कप्प्यातलं, वरून दुसरं. घरातून निघालेला माणूस दारातून एकदा माघारी येतो, काहीतरी विसरलं म्हणतो, आणि खरं तर सगळ्यांना आणखी एकदा बघून जातो. बाईंच्या एका कारकुनाच्या गोष्टीतलं होतं ते. गोष्टीत तो छत्री विसरतो. मी छत्री काढून टाकली होती आणि कारकुनाच्या जागी वॉचमन घातला होता.

मग तीच पुढे बोलू लागली. "तुमी बोलला तवा मला आठावलं, की व्हय, हे असंच करायचे. डूटीला निघाले की फाटकातनं माघारी यायचे. म्या नातवंडांना सांगितलं. धाकटी म्हनती, आजी, आजोबा कसं यायचे त्ये दाव. म्या दावती, चालून दावती. तिनं त्यांना बघितलंबी न्हाई, पर तिला येवढं एक ठावं हाय." तिने पदर तोंडावरून फिरवला. "आता त्या दिसापासनं माझं मलाच कळंना झालंय. हे खरंच माघारी यायचे, का तुमी म्हनला म्हनून मला तसं वाटाया लागलं? लई आठवून बघते. कवा दिसत्यात, कवा न्हाई. तुमी सांगा. ते आमचं हाय का तिचं?"

मांडवात उभं राहून खरं बोललो की आपण मोकळे, असं मला वाटलं होतं. मी चोरलेलं एकेक वाक्य कुणाच्या तरी घरात जाऊन राहिलंय, तिथे वाढलंय, नातवंडांपर्यंत पोचलंय, हे माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. आता ते परत मागायला मी कोण? आणि बाईंचं नाव घेऊन अजून चार दिवसही झाले नव्हते. खरं सांगावं तर ही नवरा दुसऱ्यांदा गमावणार, खोटं सांगावं तर बाईंना मी पुन्हा लुटणार, आणि या वेळी तर त्या गेल्याचं माहीत असताना.

"नाही वैनी," मी म्हणालो. "ते बाईंचं नव्हे. ते मी डोळ्यांनी बघितलंय."

"कवा?"

"शाळेत जायची माझी वाट तुमच्या घरावरून होती. एकदा सकाळी ते फाटकापर्यंत आले. थांबले. म्हणाले, टोपी राहिली. आणि आत गेले. बाहेर आले तेव्हा मी म्हणालो, अहो, टोपी तर डोक्यावरच होती की."

"मंग?"

"हसले आणि गेले."

मग तिचा चेहरा हळूहळू सैल झाला. "व्हय," ती म्हणाली. "टोपी. डोक्यावर टोपी आनि घरभर हुडकायची." तिने तांब्या उचलला आणि सगळं पाणी पिऊन टाकलं. "मंग बरं. मला वाटलं, ते बी गेलं."

बायकोने तिला कुंकू लावायला म्हणून सवयीने करंडा आणला आणि दारातच थबकून परत नेला. ती उठली, रस्त्यापर्यंत मी पोचवायला गेलो. कंपन्यांच्या गाड्या एकामागून एक जात होत्या, त्यातून वाट काढून ती पलीकडे गेली आणि टमटमची वाट बघत उभी राहिली.

टोपी माझी होती. इतक्या वर्षांत कुणाचंही न घेता मी रचलेलं तेवढंच. जमलं होतं ते, चांगलं जमलं होतं, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती. एकाच माणसाला सांगावंसं वाटत होतं. लवळ्याच्या रांगेत पुन्हा उभं राहून म्हणावंसं वाटत होतं, की बाई, बघा बरं, हे कसं झालंय. मी रस्त्याच्या कडेला उभा राहून रडलो. पलीकडून तिने ते बघितलं आणि, बहीण नव्हती हे ठाऊक असूनही, बहिणीचं दुःख असावं तसे माझ्याकडे हात जोडले.